जिभेवर वेखंड

“कान उत्तम आहेत आणि जिभेलाही काही झालेलं नाही,” अलिबागच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, आणि माझं डोकंच फिरलं. सात वर्षांची माझी केतकी ‘क’ला ‘त’ म्हणते म्हणून घरादाराने त्या जिभेचे हाल केले होते.

आमच्या दिवेआगरात पोर बोबडं बोललं की वेखंड. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायच्या, मधात कालवून तिच्या जिभेवर चोळायच्या. पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी अडवलं की म्हणायच्या, “आमची सगळी पोरं अशीच बोलती झाली. तुला काय ठावं हाय?”

आमच्या होमस्टेचे पाहुणे तर मुद्दाम तिला नाव विचारायचे. ती “तेतती” म्हणाली की हसायचे, मोबाइल काढायचे. लाज कशी वाटत नाही या लोकांना?

मॅडमनी नाव सांगितलं: स्पीच साउंड डिसऑर्डर, म्हणजे काही उच्चार नीट न येणं. जोडीला ऑडिटरी प्रोसेसिंगची अडचण. आवाज कानात व्यवस्थित जातो, पण ‘क’ आणि ‘त’मधला फरक मेंदूला पकडता येत नाही. गोंगाटात तर सगळ्याचा काला होतो. आधीच्या डॉक्टरांनी शांत खोलीत कान तपासून “नॉर्मल आहे, बोलेल आपोआप” म्हणून आम्हाला वाटेला लावलं होतं.

आणि शाळेत? पत्र्याखालच्या वर्गात शेवटचा बाक. सांगितलेलं करत नाही म्हणून बाई म्हणाल्या, “हिला विशेष शाळेत घाला.” ती शाळा लांब, वसतिगृहात ठेवायचं. ऐकलेलं उलगडत नाही एवढ्यासाठी माझी पोर घरापासून तोडायची?

रिपोर्ट घेऊन गेले आणि भांडले. पहिला बाक मिळाला, सहामाहीपर्यंत मुदत मिळाली. घरातलं वेखंड उकिरड्यावर टाकलं. सासूबाईंनी अबोला धरला, धरू दे.

दुपारी पाहुणे समुद्रावर गेले की मी तोंडापुढे सूप धरते, म्हणजे तिला ओठ दिसत नाहीत, नुसतं ऐकून ओळखावं लागतं. “कार” म्हटलं की तिने खेळण्यातली गाडी उचलायची, “तार” म्हटलं की तारेचा तुकडा. चुकते, रडते, पुन्हा बसते. मॅडमनी आणखी एक शिकवलंय, समजलं नाही तर मान डोलवायची नाही.

तुमचं पोर असं बोलत असेल तर आधी त्याला काय ऐकू येतंय ते तपासा. जिभेला त्रास देऊ नका.

परवा डबा द्यायला शाळेत गेले. बाई काहीतरी सांगत होत्या. केतकी उठली. “बाई, मला समजलं नाही. परत एतदा सांदा.”

पोरं हसली. बाईंनी परत सांगेपर्यंत ती उभीच राहिली.