सतराव्या मुलीचं शेवटचं वाक्य

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. कुठून धरू?

कापसाचे भाव पडले, पुसदमधली आमची जिनिंगची गिरणी बंद पडली, ती वर्षं. मी तिथं काट्यावर वजनं लिहायचो, माझा दोस्त गजू गाठी बांधायचा. दोघंही रिकामे झालो. दुपारी माझ्या खोलीवर भाड्याच्या सीडी बघायचो, एक चहा दोघांत. खरं सांगू? तसं सुख पुन्हा मिळालं नाही.

गजू गावच्या दंडारीत, म्हणजे नाचगाण्याच्या खेळात, बाईचं सोंग घेऊन नाचायचा. सात वर्षं मी पाहिलं. त्याच्यासारखी बाई कुणी उभी केली नाही. एकदा म्हणाला, “लुगडं नेसतो तवा मी खरा असतो, भाऊ. सोडलं का नक्कल.” मी हसलो. लोक आम्हाला ‘जोडा’ म्हणून चिडवायचे – त्यावर मात्र मला हसता येत नसे.

एक सीडी जपानी निघाली. भीतीचं कार्टून. मेलेल्या एका मुलीवरून प्रयोगशाळेत तशाच मुली बनवतात – अर्धं मांस, अर्धं यंत्र. सोळा बिघडतात, त्यांना जाळतात. सतरावी जगते. खाली इंग्रजी ओळी येत. गजूला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचून सांगायचो.

शेवटी डॉक्टर तिला विचारतो – तू कोण? गजू टीव्हीला चिकटलेला. “काय म्हणते थे? सांग न बे!”

खाली लिहिलं होतं : मी कुणाची नक्कल नाही. तुम्ही बनवलं, तरी मी माझी आहे. आणि ती दार उघडून निघून जाते.

मी काय सांगितलं? – “थे म्हणते, मी चूक आहो, मले मिटवा. जाळायच्या खोलीत चालली.”

वाचण्यात चूक झाली, असं म्हणू? नाही. दोन ओळी होत्या, दोनदा वाचल्या. खरं ऐकलं तर हा असाच राहील, आणि जोड्यातला दुसरा म्हणून लोक मला धरतील – एवढंच मनात होतं.

गजूनं उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “बराबर आहे तिचं.”

त्या वर्षी तो दंडारीत उभा राहिला नाही. केस कापले. पुढं घरच्यांनी दाखवलेल्या मुलीशी लग्न केलं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आला होता. माझी मुलगी जपानी कार्टूनमधली चित्रं काढते. ती बघून त्यानं तिला सतराव्या मुलीची गोष्ट सांगितली. शेवटही सांगितला – माझा.

“असं कसं, काका? पळाली कशी नाही ती?”

“नाही बेटा. तुह्या बाबानं सोता वाचलं होतं.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली – हो.