कापसाच्या बोज्यांवरून सासरी

दिवाळी सरली की अमरावतीत बंडीवाल्याचा भाव देवापरीस मोठा. सात समुद्रापार कुठंशी लढाई पेटलेली, सायबाले तिकडचा कापूस भेटेना, म्हणून मुंबईले आमच्या वऱ्हाडाचाच कापूस पाहिजे. अन् पाणी पडून काळ्या मातीत चाकं रुतली की त्याच बंडीवाल्याले कुत्रं इचारत नाई. आठ महिने रस्त्यावर, चार महिने घरी. माही पोरगी मी त्या चार महिन्यांतच वाढलेली पाह्यली.

तिचं लग्न अकोल्याले झालं होतं. वैशाखात नांदाले पाठवाची होती. इवायानं, तिच्या सासऱ्यानं, इचारलं, "बसाले छतवाली रेंगी पाठवू काय?" मी छाती फुगवून म्हणलं, "बंडीवाल्याच्या पोरीले तुमची रेंगी कायले?" लय तोंड होतं मले! वैशाखातच अडत्यांची घाई, पाण्याआधी माल अकोल्याच्या आगगाडीवर पोचला पाहिजे. माही बंडी त्यांच्या शब्दात गुतलेली. म्हणलं, एखादी छतवाली रेंगी भेटन गावात. कायची भेटते! तीन दिवस हिंडलो. नवरदेव मिरवाच्या रेंग्यांतही कापूसच भरलेला.

बायको कडाडली, "साऱ्या गावचा कापूस वाहता, अन् पोटच्या पोरीले बंडी नाई? पायी धाडता काय तिले?" मले जेवण जाईना. पोरगी पहिल्यांदा सासरी जाणार, अन् बापाच्या फुशारकीपायी तिची मान खाली जाणार.

शेजारचा पिंजारी हासला. "अरे, माल पे बिठा दे बेटी को! बेगम भी इतनी नरम गादी पे नहीं बैठी." त्यानं बोज्यांवर आपली नवी गादी अंथरली, वरून सतरंजीची सावली बांधली. मी म्हणलं, सासरचे हासतीन. तवर पोरगी वर चढून बसलीही होती.

लेकीसंग बापानं सासरी जावं अशी आमच्यात रीत नाई, मुऱ्हाळी म्हणून भाऊ जाते. पण बंडी हाकाले दुसरं कोण? चार मुक्काम आमी दोघंच. आंब्याखाली बैल सोडावे, तिनं भाकरी टाकावी, मी तिच्याकडं पाहत बसावं. मूर्तिजापुराच्या पुढं ती वरून म्हणली, "बा, उन्हाळ्यात तुमी कसे दिसता ते मले आत्ता माहीत पडलं. लय काळे होता न तुमी." मी बैलाले उगाच शिवी दिली.

अकोल्यात दारावर इहीनबाईनं तिच्या केसांतला कापूस येचला अन् म्हणली, "लक्षुमी कापसात बसून आली व माय!" माहा जीव भांड्यात पडला. निंघताना पोरीनं बंडीचं चाक धरलं. "पुढच्या हंगामात माल घेऊन येजा."

"येतो," म्हणलं.

पुढच्या हंगामात आगगाडी अमरावतीच्या तोंडाशी, बडनेऱ्यालेच आली. अकोल्याचा माल बंडीवर कोण भरन आता? बडनेऱ्याच्या खेपा मात्र मागाल तेवढ्या, अडते बंडी दारात उभी राहू देत नोते. पहिला कापूस निंघाला अन् मी खेपा सोडून रिकामी बंडी अकोल्याकडं जुंपली. येड लागलं म्हणून सारा बाजार हासला.

तिसऱ्या दिवशी अकोल्यात पोचलो. पोरगी दारात आली. बंडीकडं पाह्यलं.

"माल कुठाय, बा?"

"माल नाई. तुले पाहाले आलो."

अन् इवायाच्या दारात, चार लोकांदेखत, मी लहान लेकरावानी रडलो.