हिराची टाच

रत्नागिरीच्या मासळीबाजारात उभा जन्म काढलेल्या हिराला अंथरुणावर पडून राहणे ठाऊक नव्हते. अंडाशयातली गाठ काढून महिनाही झाला नव्हता, तोच मुंबईहून तपासणीचा अहवाल आला. डॉक्टर मनस्वींनी तिला सासूसह समोर बसवले.

"हिराताई, गाठ आतून काळी निघाली. हा मेलानोमा, रंगपेशींचा कर्करोग. बहुधा तो कातडीवर सुरू होऊन आत पसरतो. अंडाशयातच उगम पावणे फार विरळा. उगम कळला, की उपचार ठरतील. अंगावरचा काळा डाग, तीळ कधी जाळला होता?"

"नाय हो," हौसाबाई घाईने म्हणाल्या. "सुनेचं अंग निर्मळ हाय."

हिराने सासूकडे पाहिले. टाचेवरच्या काळ्या डागाला कुरूप समजून हौसाबाईंनीच बिब्बा तापवून चटका दिला होता. तो बरा झाल्यापासून निम्मी वाडी त्यांच्याकडे बिब्ब्यासाठी येई.

पदराआडून हौसाबाईंनी तिला चिमटा काढला. "गप रव गो. वाडीत तोंड दाखवायला जागा नाय राहायची."

"तोंड तुमचं, आई. जीव माझा." हिरा मोठ्यानेच बोलली. चप्पल काढून तिने सासूच्या देखत पाय सरळ स्टुलावर ठेवला. "हा बघा. ह्यांनी जाळला, मी जाळून घेतला. काय बोल लावायचा तो दोघींना लावा."

डॉक्टरांनी टाचेचा तुकडा तपासायला पाठवला. डोळे, तोंड, टाळू, सगळे अंग पाहिले, स्कॅन केला. अहवाल येईपर्यंत हौसाबाई मुक्याने पेज वाढत राहिल्या आणि हिरा ताट चाटूनपुसून खात राहिली.

टाचेत जळक्या कातडीखेरीज काही निघाले नाही. इतरत्रही नाही. आजार अंडाशयातलाच होता.

"आता प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध सलाइनमधून देऊ," डॉक्टर म्हणाल्या. "पण आजार हट्टी आहे. खात्री देत नाही."

"मी कुठं मागितली? औषध कधी सुरू करताय ते सांगा."

बाहेर येताच हौसाबाईंना वाचा फुटली. "बघितलंस? माझ्या बिब्ब्यात खोट नव्हती."

"नशीब तुमचं. आता काळा डाग घेऊन कोण आली, तर आधी डॉक्टरकडे धाडायची. नाय धाडलीत, तर भर बाजारात तुमचं नाव घेऊन सांगेन."

हौसाबाईंनी पदर कमरेला खोचला.

"धाडीन," त्या म्हणाल्या. "पण कुरपाला बिब्बाच लागतो."