राखणदाराचा वाटा

आमिष दाखवून जनावराचे फोटो काढणाऱ्यांबद्दल लवू धुरी जे बोलायचा, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातल्या त्यात सभ्य वाक्य असं, की तसला फोटो म्हणजे भाड्याने आणलेला नवरदेव. मुलुंड कॉलनीतल्या त्याच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आलेलं गिऱ्हाईकही हे व्याख्यान ऐकायचं. मान सरळ ठेवून, डोळे न मिटता बसलेलं असायचं बिचारं, जाणार कुठे?

लग्नांचे फोटो काढण्यात लवूची तीस वर्षं गेली. मग लग्नाला आलेला प्रत्येक पाहुणा मोबाइल काढून फोटोग्राफर झाला आणि लोक लवूलाच ‘काका, जरा बाजूला व्हा’ म्हणायला लागले. तेव्हापासून माणसं त्याच्या मनातून उतरली. कॉलनीच्या मागे, राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाअलीकडे, डोंगराच्या दोन सोंडांमध्ये एक दरी आहे. तिथे एक बिबट्याची मादी वावरते हे त्याला ठाऊक होतं. तिचा एक फोटो, दिवसाउजेडी, पिवळ्या गवतात, तिच्या मर्जीने आलेली असताना. आयुष्यात एवढं एक काम धड करून जायचं, असं त्याने ठरवलं. त्यासाठी थंडीचे पहिले चार आठवडेच कामाचे. पावसाळ्यानंतर गवतात हत्ती उभा राहिला तरी दिसत नाही आणि पुढे वणव्याने डोंगर काळा होतो.

हे चार आठवडे म्हणजे नेमका मार्गशीर्ष, आणि मार्गशीर्षात त्याची बायको वनमाला घरात वशाट, म्हणजे मटण-मासळी, शिजू देत नसे. नुसते गुरुवार नव्हेत, अख्खा महिना. लवू दोन दिवसांत कुरकुरायला लागायचा. एकदा वनमाला वैतागून म्हणाली, “येवढीच आग लागली आसात तोंडाक, तर डोंगरार जावा नि थंय खावा!”

तो खरंच गेला. नाहीतरी मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी, देवदिवाळीला, त्याला दरीत जावंच लागे. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या बाबांना जागेच्या राखणदाराला राखण, म्हणजे वर्षाचा मान, द्यायला दरसाल गावी जाणं जमेना, तेव्हा त्यांनी दरीतल्या एका उंबराखालच्या दगडाला कोंबडा आणि नारळ द्यायला सुरुवात केली. “जागा खंयचीय आसांदे, तिका राखणदार आसताच,” असं ते म्हणायचे. राखणीचं जेवण तिथेच शिजवायचं, तिथेच संपवायचं, घरी काही आणायचं नाही. बाबा गेले, लवूने रीत चालू ठेवली. आणि वनमालाच्या त्या बोलण्यानंतर देवदिवाळीची राखण झाली की महिनाभर दर बुधवारी आणि रविवारी तो कापडी पिशवीत, पाय सुतळीने बांधलेली कोंबडी घेऊन दरीत जाऊ लागला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तीन दगडांची चूल, वर टोप. आधी मुंडी, पाय, आतडी दगडावर ठेवायची, तो राखणदाराचा वाटा. मग आपलं जेवण. उरलेलं पुन्हा दगडावर.

दुसऱ्या सकाळी दगड लख्ख असे. “राखणदार जागृत आसा,” लवू कौतुकाने सांगायचा. दगडाभोवतीच्या मातीत मोठे पंजे उमटलेले असत, त्यांचे तो फोटो काढायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे नऊ वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नाही. हसू नका. देवापुढचा नैवेद्य उंदराने पळवला, तर आपण उंदराला जेवू घातलं असं कोण म्हणतं?

यंदा देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन नुकतं दरीत उतरत असताना, ती आली. बरोबर तिचं पोर होतं, जवळजवळ तिच्याएवढं झालेलं. दोघं उंबराखाली उभी राहिली, तिने मान वळवून थेट लवूकडे पाहिलं. साठ पावलांवरून त्याने फोटो काढला आणि तिथेच बसून रडला. घरी येऊन त्याने तो भिंतीएवढा मोठा करून घेतला. वनमालानेही हात पुसत म्हटलं, “बरो इलोहा.” तिच्या तोंडून हे म्हणजे पद्मश्रीच.

डोंगरातल्या बिबट्यांची नोंद ठेवणारी श्वेता म्हणून एक मुलगी घाटकोपरहून मुद्दाम फोटो बघायला आली. अंगावरच्या ठिपक्यांवरून ती प्रत्येक जनावर ओळखायची.

“काका, झकास! असा फोटो मी बघितलाच नाही.” मग ती पुढे वाकली. “पिल्लाच्या तोंडात काय आहे?”

“काटकी असेल.”

“काटकी नाही. कोंबडीचा पाय आहे. सुतळी बांधलेला.” तिने वळून विचारलं, “तुम्ही खायला घालता त्यांना?”

“मी? तो राखणदाराचा वाटा आहे.”

“मग तुमचा राखणदार चार पायांचा आहे, काका. पिशवीवाला माणूस दिसला की जेवण मिळतं, एवढं कळलंय त्याला. वाट लागणार आहे त्यांची.”

लवूने तिला अक्षरशः हाकललं. कालची पोर, मला शिकवते! आणि पुढच्याच रविवारी हट्टाने पुन्हा पिशवी घेऊन दरीत गेला. इथे त्याची बाजू घ्यायला मला जागा सापडत नाही. चूक कळली नव्हती तोवर ती चूक होती.

चार दिवसांनी सकाळी फिरायला गेलेला कॉलनीतला दशरथ भाजीची पिशवी घेऊन कॉलनीच्या मागच्या रस्त्याने येत होता. मादी त्याच्या मागोमाग चालत आली. हल्ला नाही, गुरगुर नाही, नुसती मागे. दशरथने वळून बघितलं, पळताना पडला आणि हात मोडून घेतला. कॉलनी पेटली. पिंजरा लावा म्हणून सह्या झाल्या. बिल्डिंगच्या कॅमेऱ्यात दिसलेली मादी नेमकी कोणती हे ठरवायला श्वेताला लवूचाच फोटो मागावा लागला. ठिपका न् ठिपका जुळला. नऊ वर्षांच्या तपश्चर्येचा फोटो एवढ्या एका कामी आला.

पिंजरा कुठे लावायचा, हे विचारायला वनखात्याची माणसं आली. दुसरीकडे लावला असता तर आठवडे गेले असते, तोवर कोणी तिला काठ्यांनी मारलं असतं. लवूने उंबर दाखवला. आत कोंबडी बांधली, सुतळीनेच. सकाळी मादी पिंजऱ्यात होती. त्या जागेने तिला आजवर कधी दगा दिला नव्हता.

तिला गाडीत चढवताना श्वेता एवढंच म्हणाली, “पोर मागे राहिलंय. शिकार करण्याएवढं आहे ते. पण माणसाला भीत नाही ना, काका. पुढचा पिंजरा त्याचा.”

बुधवारी लवू दरीत गेला. गळ्यात कॅमेरा होता, सवयीने. हातात पिशवी होती, रिकामी. तो चुलीपाशी उभा राहतो तोच पोर गवतातून बाहेर आलं आणि पंधरा पावलांवर, भर उन्हात, पुढचे पाय जोडून बसलं. असा फोटो त्याला सात जन्मांत मिळाला नसता. लवूला स्वतःची किळस आली. त्याने चुलीचा एक दगड उचलला आणि फेकला.

नेम चुकला. दगड पुढ्यात पडला, तसं पोर उठलं, जवळ आलं आणि दगड हुंगू लागलं. पोराला वाटलं, वाटा आला.

“मेल्या, जा! माणसाक भियान रव!” लवू ओरडला. आवाज फाटला होता. दुसरा दगड पोराच्या बरगडीत बसला. ते कळवळून मागे उडी मारून गवतात शिरलं, पण दहा पावलांवर थांबलं आणि वळून त्याच्या पिशवीकडे बघत राहिलं. लवूने डोळे पुसले, नेम धरला आणि तिसरा दगड मारला.