रविवारचे मासे

शनिवारी सायकल, रविवारी पूर्ण विश्रांती, हा नियम मीच केला होता. दादा माझा थोरला भाऊ, निवृत्त शिक्षक, साठी केव्हाच ओलांडलेला. मी पन्नाशीतला, कचेरीत नोकरी. दोघांनी डहाणूहून उधव्यापर्यंत जायचं, चहा घ्यायचा, परतायचं. या वयात पाय दुसऱ्या दिवशी भरून येतात, म्हणून रविवारी सायकलला हात लावायचा नाही, असं मी दादाला बजावलं होतं.

दिवाळीनंतर त्याचा गुडघा सुजू लागला. चढावर तो मागे राहायचा आणि मी पुढून ओरडायचो, "चल रे, चहा गार होईल." एका शनिवारी वाटेतल्या आशागडला तो खाली उतरला आणि उरलेला रस्ता सायकल हातात धरून चालला. मीही उतरलो आणि त्याच्या मागे चालू लागलो.

डॉक्टरांनी सायकल बंद केली. पुन्हा चालवता येईल का, ते गुडघा किती विसावा घेतो त्यावर, म्हणाले. मी वहिनीला म्हटलं, रविवारी तर तो आराम करतच होता.

वहिनी भांडी लावत होती. वळलीसुद्धा नाही. "तुमच्या घरची पापलेटं काय चालत येत होती?"

दर रविवारी सकाळी दादा जुनी जड सायकल काढून किनाऱ्यावर जायचा. होड्या लागल्या की दोन्ही घरांचे मासे घ्यायचे, आमची पिशवी दाराला अडकवायची. मी तेव्हा झोपलेलो असायचो. दादाला विचारलं, तर म्हणाला, "ती कुठे सायकलिंग? तो तर बाजार." आमच्याकडे सगळेच असं मानतात. मीही मानत होतो. पिशवी दिसायची, ती कोणाच्या गुडघ्यावर आली हे कधी मनात आलं नाही. विश्रांतीचा नियम मी केला आणि विश्रांती एकट्यानेच घेतली.

मग मासे आणायला मी जाऊ लागलो. पहिल्याच वेळी शिळे बोंबील पदरात पडले. मासेवालीने मला ओळखलं होतं. पुढच्या रविवारी म्हणाली, "मास्तरांचे भाऊ ना? ते कल्ले बघितल्याशिवाय घेत नाहीत, तुम्ही पिशवीच पुढे करता."

अशा गोष्टी मी दादाला सांगायचो. तो खाटेवर पाय ताठ करून उचलायचा, धरायचा, सोडायचा, आणि हसायचा. आधी त्याला बसून राहणं अवघड गेलं. नंतर दुपारी झोप लागू लागली. सूज उतरली.

परवाच्या शनिवारी डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही आशागडपर्यंत गेलो. मी मागे राहिलो. जिथे तो उतरला होता, तिथे तो स्वतःहून थांबला, पाणी प्यायला, गुडघ्यावर हात फिरवला. "चांगला आहे," म्हणाला. मीच सायकल घराकडे वळवली.

घरी सायकल भिंतीला लावताना त्याने पिशवी माझ्या हातात दिली.

"उद्या सुरमई मिळाली तर बघ. मी झोपणार आहे. आणि कल्ले उघडून बघ रे."