नळाची बातमी

“छापणाऱ्यानं पाहिलं का?” असे विचारत आमचे नागरिकशास्त्राचे सर वर्तमानपत्राची घडी टेबलावर आपटत. असे एखादे सर तुमच्याही शाळेत असतील.

मी शिकवतो त्या देवपूरच्या शाळेत नागरिकशास्त्र फेब्रुवारीत चार तासांत उरकायचा विषय. हे सर तो जूनपासून शिकवत. परिपाठाला बातमी वाचणाऱ्याने ती आधी स्वतः पाहून यायची, हा त्यांचा नियम. एकीने वांग्यांची आवक वाढली का ते पाहायला वडिलांना बाजारभर फिरवले. आम्ही शिक्षक चहा पिताना पोट धरून हसलो.

मला मात्र धास्ती वाटे. सरांचे प्रोबेशनचे दुसरे वर्ष होते, एप्रिलपर्यंत निभावले की कायम. “जरा जपून,” मी म्हणे.

“मी कुठं राजकारण करतो, भाऊ? पाहून या म्हणतो.”

जानेवारीत संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो छापून आला. पांझरा नदीकाठच्या वस्तीत त्यांनी नळ सुरू केला होता. नववीतली एक मुलगी तिथे जाऊन आली. परिपाठ माझ्याकडे होता. तिने कागद पुढे केला आणि मी तो न वाचताच सही केली.

माइकवर ती वाचू लागली, “पाणी फोटोपुरतं टँकरनं आणलं होतं. तिथल्या आजी म्हणाल्या, ‘नळ शे, पाणी नही.’” पोरे खो-खो हसली. सरांनी तिच्या हातातला कागद घेऊन खिशात घातला.

दुपारी मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावले. मुलीने मनाचे रचले, असे सरांनी लिहून द्यायचे होते. मग तिच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला देणार होते. सरांनी लिहिले, “मीच पाठवलं होतं. तिनं पाहिलं तेच वाचलं.”

“वाचायची परवानगी कोणी दिली?”

तोंड उघडायला हवे होते, मी उघडले नाही.

“मीच,” सर म्हणाले.

मुलगी शाळेत राहिली. एप्रिलमध्ये सरांना काढले. पहूरकडे शिकवण्या घेतात, एवढेच कानावर आले. भेटायला जायचे धाडस मला झाले नाही.

जूनमध्ये नागरिकशास्त्र माझ्याकडे आले. दहावीच्या पहिल्याच तासाला ती मुलगी उभी राहिली.

“सर, त्या कागदावर सही तुमची होती ना?”

सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता.

“पहिला धडा काढा,” मी म्हणालो.