दाढदुखी

रत्नागिरीत समुपदेशक बाईंकडे दर गुरुवारी माझ्याआधी एका बाईचा नंबर असे. जयगडहून एसटीने यायची, बाकावर टेकायची आणि पदराने मान पुसत म्हणायची, "हितं बसलं की कोण हाक मारीत नाय, बघा." घरी तिने दाढ दुखते असं सांगितलं होतं. संसाराने बाई थकते, हा तिच्या घरी आजार नव्हता.

एका गुरुवारी तिचा गाल सुजलेला दिसला. मी विचारलं, तर तोंडावर रुमाल धरून म्हणाली, "काढून घेतली ओ ताई. डॉक्टर म्हणत होते, नुसती भरली तरी चालेल. पण नवरा विचारतो, एवढ्या खेपा घालतेस, झालं काय? त्याला कायतरी दाखवायला नको?"

रुमालाला रक्त लागलं होतं. तिला आत बोलावलं.

मी घरी डोळ्यांचं कारण सांगून येते.